प्रमोदचं जेल आणि माझे गुडघे

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या बाजारात एका औषधाच्या दुकानासमोर उभी होते आणि माझ्या हातात गुडघ्याला लावायच्या मलमाची नवी ट्यूब होती. जाहिरातीतली, झोंबणारी. दुकानदार ती कागदाच्या पिशवीत घालून देत होता आणि मी सवयीनं "राहू द्या, पर्समध्येच टाकते" म्हणत होते, कारण रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर ती दिसायला नको होती. फोनवर सुनीता होती, प्रमोदची बायको. "ताई, हे गेले..." एवढंच म्हणाली. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होता, तिथेच त्याचं हृदय थांबलं. माझा धाकटा भाऊ. नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला रोज अपडाउन करणारा, आणि झाडपाल्याचं औषध कातडीतून आत कसं न्यायचं या एकाच प्रश्नामागे आयुष्य लावलेला माणूस. गुडघेदुखीसाठी त्यानं निर्गुंडीचं जेल बनवलं होतं, आमच्या मुलखात ते घरोघरी माहीत होतं, आणि त्याची सख्खी बहीण चोरून दुकानातलं मलम घेत होती. रडू यायच्या आधी मला लाज वाटली. महिना होऊन गेला, तरी त्या सकाळचा क्रम डोक्यातून जात नाही. आधी लाज वाटली, रडू नंतर आलं.

पांढुर्ण्याला पोचले तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. चादरीतून डावा हात थोडा बाहेर राहिला होता आणि त्या हाताच्या आतल्या अंगाला, मनगटापासून कोपरापर्यंत, निळ्या पेनानं काढलेले बारके गोल दिसत होते. शेजारच्या एका बाईनं हळूच विचारलं, "हे काय गोंदवलं वं यायनं?" घरातल्या कोणाला ते विचारायची गरज नव्हती. कोणतंही नवं जेल तयार झालं की प्रमोद आधी आपल्या हातावर पेनानं गोल काढायचा, बोटाच्या टोकानं त्यात ते लावायचा आणि दिवसभर बघत राहायचा... लाल होतं का, खाज येते का, पापुद्रा धरतो का. गाडीत बघ, जेवता जेवता बघ. लग्नाकार्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून चला, म्हणून सुनीता बिचारी दरवेळी त्याच्या मागे लागायची. आंघोळ घालताना साबण लावला तेव्हा गोल फिकट झाले, पण गेले नाहीत. त्या गोलांसकटच त्याला नेलं.

या सगळ्याचं मूळ आमच्या आईच्या गुडघ्यांत आहे. आई बोरगावच्या एका संत्र्याच्या बागेत कामाला जायची. हंगामात दिवसभर उकिडवं बसून संत्री निवडायची, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे, डागी तिसरीकडे. घरी येऊन उंबऱ्यावर टेकली की तिला उठवायला आम्ही दोघं लागायचो. मग प्रमोदला नाल्यावर पिटाळायचं. नाल्याच्या काठानं निर्गुंडी माजलेली असायची. तो फांद्या ओरबाडून आणायचा, मी पानं तव्यावर गरम करायची आणि आई ती फडक्यानं गुडघ्याला बांधायची. घरभर तो उग्र, कडसर वास. प्रमोद समोर बसून टक लावून बघायचा. एकदा त्यानं विचारलं, "आई, पानातलं औषध आत कसं जाते वं?" आई म्हणाली, "जाते बाप्पा कसंतरी. तुले काय करायचं हाये?" त्याला जन्मभर तेच करायचं होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला कळणार.

आईची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. आईनं कधी कोणाच्या औषधाला 'गुण नाही' म्हटलं नाही. गावातले वैद्यबुवा पुडी देऊन जायचे आणि काही दिवसांनी दारावरून जाताना विचारायचे, तर आई लंगडत बाहेर येऊन सांगायची, "लय आराम हाये." दवाखान्यातल्या डॉक्टरला तेच, मोहगावच्या मावशीनं पाठवलेल्या तेलालाही तेच. पाठ वळली की आम्ही भावंडं हसायचो. "मंग काय म्हनू?" आई विचारायची. "त्यायनं एवढ्या मायेनं देल्लं, अन् मी त्यायच्या तोंडावर नाही म्हनू?" आमच्याकडची ही रीतच आहे. परक्या दुकानदाराशी आम्ही कचाकचा भांडू, पण आपल्या माणसानं आपुलकीनं दिलेल्या वस्तूला नाव ठेवणार नाही. भाजी खारट असो, साडी विटकी निघो, औषध निकामी असो... 'एकदम बढिया.' प्रमोद आईची ही नक्कल हुबेहूब करायचा, लंगडण्यासकट. म्हणजे त्याला ही रीत चांगली ठाऊक होती. ठाऊक असून तो फसला, आणि त्याला फसवणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होते.

पुढे तो शिकला, नागपूरला नोकरीला लागला, पांढुर्ण्याला त्यानं घर केलं. मी सौंसरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आपलं काम मला कळलंच पाहिजे असा त्याचा हट्ट असायचा. "ताईले समजलं म्हणजे कोणालेही समजते," असं तो माझ्या तोंडावर म्हणायचा. एका रविवारी तो बरणी घेऊन माझ्याकडे आला. बरणीत सिरक्यात भिजवलेली, कवच विरघळून लिबलिबीत झालेली अंडी. आमच्या घरात तोवर अंडं आलेलं नव्हतं. आई तेव्हा माझ्याकडेच होती, ती देवापुढून उठलीच नाही. प्रमोदनं अंगणात बसून अंड्याचा वरचा पातळ पापुद्रा अलगद सोडवला आणि दोन काचेच्या नळ्यांच्या तोंडाला बांधला. एकीत निर्गुंडीची वाटलेली पानं घातली, दुसरीत त्याच पानांच्या अर्काचं जेल, आणि दोन्ही नळ्या दोन पेल्यांतल्या पाण्यावर टेकवून ठेवल्या. संध्याकाळी बघितलं तर वाटलेल्या पानांखालचं पाणी होतं तसंच स्वच्छ, आणि जेलखालचं पिवळसर झालेलं. "पाह्य," तो म्हणाला, "कातडी म्हणजे भिंत हाये. भिंत हाये म्हणून तर आपण पाण्यात भिजलो तरी फुगत नाही. पानातलं औषध भिंतीपर्यंत येते अन् तिथंच बसून राहते. मले त्याले आत न्यायचं हाये, भिंत न पाडता." आतून आईचा आवाज आला, "ते अंडं उचल पह्यले, मंग भिंतीचं पाह्यजो." तो इतका हसला की पेला लवंडला. मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला. शाळेत मुलांना मी ती पेल्यांची गोष्ट किती वर्षं सांगत होते.

निर्गुंडीच्या जेलनं त्याचा चांगलाच अंत पाहिला. कधी ते फार चिकट व्हायचं, कधी उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळायचं, कधी औषध छान आत जायचं पण हातावरचा गोल लालभडक व्हायचा. शेवटी एक जमलं. कॉलेजच्या समितीची परवानगी मिळाली आणि माणसांवर त्याची परीक्षा करायची वेळ आली. ती कशी करतात हेही त्यानं मला समजावून सांगितलं. डब्या दोन प्रकारच्या. रंग एक, वास एक. काही डब्यांत निर्गुंडीचं औषध घातलेलं जेल, काहींत औषधाशिवायचं नुसतं जेल. झाकणावर फक्त नंबर. कोणाला कोणती डबी आली ते लावणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्या प्रमोदलाही नाही. ते गुपित कॉलेजातल्या एका मॅडमकडे बंद पाकिटात. "मंग शेवटी पाहायचं," तो म्हणाला. "औषधवाल्यायले जास्त आराम पडला, तर औषध खरं. दोघायले सारखाच पडला, तर मी चाललो घरी." त्या मॅडमनी त्याला बजावलं होतं की सर, अनोळखी माणसं घ्या. त्यानं ऐकलं नाही. संत्री निवडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांचे गुडघे त्याला आधी बरे करायचे होते. आईच्या नशिबी ते जेल नव्हतंच, ती त्याआधीच गेली. म्हणून मोहगाव, बोरगाव, सौंसर, पांढुर्णा, जिथे जिथे त्याला 'प्रमोदबाबू' म्हणणारं घर होतं तिथे तिथे डब्या गेल्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे उलटं झालं, सगळ्यांनी डोळे मिटून उचललं.

माझ्याही वाट्याला एक डबी आली. सूचना साध्या होत्या. सकाळ-संध्याकाळ पातळ थर लावायचा, चोळायचं नाही, वाळू द्यायचं, वरून शेक नको, दुसरं कोणतंही मलम नको. पण आमच्या पिढीला चोळल्याशिवाय औषध लावल्यासारखंच वाटत नाही. जे झोंबत नाही ते लागू पडत नाही, ही आमची पक्की समजूत. प्रमोदचं जेल झोंबत नव्हतं. थंडीत गार लागायचं, वाळेपर्यंत साडी वर धरून बसून राहावं लागायचं, आणि नेमकं तेव्हाच दारात कोणीतरी यायचं. चार दिवस केलं, मग कंटाळले. माझं जुनं झोंबणारं मलम काढलं आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवून निवांत बसले. डबी रिकामी करून परत द्यायची होती, म्हणून जेल मोरीत धुऊन टाकायचे. दर रविवारी प्रमोद यायचा आणि एकेक विचारायचा. जिना चढताना दुखते का उतरताना? उजवा जास्त का डावा? सकाळी किती वेळ आखडून राहते? मी प्रत्येक प्रश्नाला आईचंच उत्तर द्यायची, "आराम हाये ना रे. लय फरक हाये." मान खाली घालून तो लिहून घ्यायचा आणि लिहिताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, त्यासाठी मी पुढच्या रविवारची वाट बघायची. बाकीच्या घरांतही हेच चाललं होतं, पण ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, खोटं बोलणारी मी एकटी आहे, आणि एकटीच्या खोट्यानं असं काय बिघडतं.

अशातच पांढुर्ण्याला समाजाच्या सभागृहात त्याचा सत्कार ठरला. परीक्षा पुरी व्हायची होती, पाकीट उघडायचं होतं, तो नको नको म्हणत होता. पण जिल्हा नवा झालेला, आणि नव्या जिल्ह्याला आपलं म्हणता येईल असं कोणीतरी हवं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, मग मला बोलावलं. माईक दिसला की मला राहवत नाही, हा माझा मास्तरकीतला रोग. आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, "तुमचा विश्वास बसत नसेल तर पाहा." असं म्हणून मी स्टेजवर सगळ्यांसमोर खाली मांडी घालून बसले. आणि हात न टेकवता उठले. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. घरून निघताना मी दुखणं मारायची गोळी घेऊन आले होते, तरी उठताना दातांवर दात असे दाबले की कानात आवाज झाला. मग मी प्रमोदकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. माझ्या पायाची बोटं कळ सोसून आत वळली होती आणि मला ती सरळ करता येत नव्हती. ज्याला हातावरच्या एवढ्याशा गोलातली लाली दिसते, त्याला ती बोटं दिसली नसतील का... जाताना मला हात धरून गाडीत बसवलं, इतकंच.

पाकीट उघडलं तेव्हा दोन्ही प्रकारच्या डब्यांचा निकाल सारखा निघाला. औषधवाले खूश आणि नुसत्या जेलवालेही तितकेच खूश. मॅडम म्हणे चक्रावून गेल्या, इतका आराम कोणत्या औषधानं पडलेला त्यांनी पाहिला नव्हता. मग एक दिवस प्रमोद न सांगता मोहगावला शेवंताकाकूंकडे गेला. काकू आईबरोबर बागेत कामाला असायच्या, त्यांनी त्याला कडेवर खेळवलेलं. त्या गोठ्यात होत्या आणि परत न केलेल्या डबीतलं जेल बैलाच्या खांद्याला लावत होत्या. जुवानं सुजलेला खांदा. रंगेहाथ सापडल्यावर त्या ओशाळल्या, पण खोटं पुढे रेटलं नाही, एवढं त्यांचं मोठेपण. "बाबू, माह्यं काय, मी म्हातारी. दोन दिवस लावलं अन् देल्लं सोडून. पन याचा खांदा लय सुजला होता. पाह्य, कसा उतरून राहिला." प्रमोदनं खांदा चाचपून बघितला, सूज खरंच उतरत होती. डबीचा नंबर मॅडमना फोन करून विचारला, तर ती औषधाची निघाली. हे मला सांगताना हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साऱ्या तालुक्यात एक बैल तेवढा खरं बोलला ताई. अन् एका बैलावरून मले काही लिहिता येत नाही."

हे सांगितलं तेव्हा आम्ही माझ्या स्वयंपाकघरात होतो, मी त्याच्यासाठी भाकरी भाजत होते. "ताई, तू तरी खरं सांग," तो म्हणाला. "मी रागावणार नाही. स्टेजवरचं राहू दे, ते मी पाह्यलं. तू लावलं का नाही, एवढंच सांग. लावून गुण नाही आला, का लावलंच नाही? दोन्हीत लय फरक हाये. मले फक्त समजून घ्यायचं हाये." इतक्या सरळपणे मला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं. उत्तर ओठांवर आलं होतं. आणि मी तव्याकडे बघत म्हणाले, "लावलं ना रे. आराम हाये." का म्हणाले, ते मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. मायेपोटी म्हणाले असं सांगायची सोय आहे, पण ते खरं नाही. पहिल्यांदा मायेपोटी बोलले होते. या वेळी बोलले ते पहिलं खोटं उघडं पडू नये म्हणून, धाकट्या भावासमोर मोठ्या बहिणीची मान खाली जाऊ नये म्हणून. "बरं," तो म्हणाला. नीट जेवला, ठेचा मागून घेतला. हात धुताना म्हणाला, "चूक माहीच हाये. आपल्या माणसाले विचारलं तर आपलं माणूस आपल्या तोंडाकडे पाहून सांगते. गुडघ्याकडे पाहून नाही." मी पदराला हात पुसत उभी राहिले.

कॉलेजातही त्यानं तेच सांगितलं, माणसं निवडण्यात माझी चूक झाली. लोक खोटं बोलले असं तो कोणापुढे म्हणाला नाही. सत्कार करणाऱ्यांकडे आपण होऊन गेला आणि जेल अजून सिद्ध झालेलं नाही असं सांगून आला, तर त्यांना तो त्याचा विनय वाटला. पांढुर्ण्याच्या बाजारातून जाताना कोणी ना कोणी हाक मारायचं, "प्रमोदबाबू, तुमच्या जेलनं बढिया चालनं होऊन राहिलं," आणि तो खजील होऊन हसायचा. हळूहळू त्यानं बाजारातून जाणंच सोडलं, मागच्या गल्लीनं स्टेशनवर जायचा. सुनीतानं हे मला त्याच्या माघारी सांगितलं. लाज आम्हाला वाटायला हवी होती आणि ती वागवत तो मागच्या गल्लीनं फिरत होता. आम्ही आपले समोरच्या रस्त्यानं मान वर करून.

माझ्याकडे तो येत राहिला. मुलांची चौकशी करायचा, आमच्या ह्यांच्या बीपीची चौकशी करायचा, अंगणातल्या लिंबाला कळी धरली का ते बघायचा. माझ्या गुडघ्यांचं मात्र त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी टेबलाला धरून उठायची आणि तो दुसरीकडे बघायचा. जगात एकच माणूस असा होता ज्याला माझा गुडघा नेमका कुठे आणि कसा दुखतो हे ऐकायची खरी ओढ होती, आणि त्याच्यासमोर कण्हायचा हक्कही मी घालवून बसले होते. त्यानं काम सोडलं नव्हतं. जिथे त्याला कोणीच ओळखत नाही अशा लांबच्या गावांत त्यानं पुन्हा परीक्षा सुरू केली होती. "तिथं लोक शिव्या देतात ताई," एकदा तो खुशीत सांगत होता. "म्हणतात, काय हे चिकट चिकट देलं आमाले. लय बरं वाटते ऐकून." ते काम अर्धं झालं आणि तो गेला. आता मॅडम ते पुढे नेणार आहेत म्हणतात. न्यावं त्यांनी.

तेरवीनंतर शोकसभा झाली ती त्याच सभागृहात. एकामागून एक वक्ते उठले आणि म्हणाले, सरांच्या जेलनं आमच्या आयाबहिणींना पायांवर उभं केलं. बायका माना डोलावत होत्या. कोपऱ्यात शेवंताकाकू बसल्या होत्या, त्यांची मान खाली होती. मला बोलावलं तेव्हा मी ठरवून उठले होते की आज सांगायचं, याच स्टेजवर सांगायचं. माईकसमोर उभी राहिले, समोर सुनीताचा चेहरा दिसला, मागे ती सगळी भरल्या डोळ्यांची माणसं... "माझा भाऊ फार चांगला होता," एवढंच म्हणाले आणि पुढे तोंड उघडेना. कोणीतरी धावत खुर्ची आणली. जिथे मी मांडी घालून बसले होते तिथेच मला खुर्चीवर बसवलं. लोकांना वाटलं, दुःखानं पाय गळाले. बाहेर आल्यावर शेवंताकाकूंनी माझा दंड धरला. "मले वाटलं होतं तू सांगशील." मी म्हटलं, "मलेही वाटलं होतं काकू." "मंग लिहून तरी काढ," म्हणाल्या. "तू तं मास्तरीन हायेस. मले बैलाचं सांगता येते, बाकी नाही." म्हणून हे लिहायला बसले. पेपरच्या पुरवणीत छापून येईल तेव्हा पांढुर्ण्यात वाचलं जाईल, सौंसरला तर जाईलच. त्या औषधाच्या दुकानातही पेपर येतो.

शोकसभेनंतर मी सुनीताकडे थांबले होते. फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी, त्याच्या चार-दोन डब्या होत्या. निर्गुंडीच्या औषधाच्या, झाकणावर त्याच्या अक्षरात तसं लिहिलेल्या. "यायचं काय करू ताई?" तिनं विचारलं. एक मी मागून आणली. घरी आले, बाजारातली ती नवी ट्यूब मैत्रिणीला देऊन टाकली, गरम पाण्याची पिशवी माळ्यावर टाकली. निळा पेन घेतला आणि दोन्ही गुडघ्यांवर एकेक गोल काढला, तो हातावर काढायचा तसा. आमचे हे दारातून बघत होते. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ लावते. पातळ थर. चोळत नाही. खिडकीपाशी साडी गुडघ्यावर धरून वाळेपर्यंत बसते, आणि दारात कोणी आलं तर आतून सांगते की थांबा, औषध वाळतं आहे. वाळताना तो कडसर वास येतो, तव्यावरच्या पानांचा, अगदी हलका. अंघोळीत गोल पुसट झाला की पुन्हा गिरवते. एका बाईवरून काही लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी प्रमोद, तू विचारलं होतंस म्हणून सांगते.

उजव्याले थोडा आराम हाये. जिना चढताना आधीइतकी कळ येत नाही, उतरताना येते. डाव्याले काही फरक नाही. सकाळी दोन्ही आखडतात, चहा होईपर्यंत. तेव्हा मी चारच दिवस लावलं होतं, बाकीचं मोरीत गेलं. अन् खाली मांडी घालून मले बसता येत नाही रे. तेव्हाही येत नव्हतं.